इरकलीच्या टोप पदराची नक्षी बोटं उघड्या हातमोज्यांवर: टाके किती घ्यावेत, आणि विण आखडते का?

सुलट_उलट, सातारा

इरकल लुगड्याच्या पदरावरची लाल-पांढरी टोकदार नक्षी बोटं उघडी राहणाऱ्या हातमोज्यांवर आणायची आहे. आपल्याकडे थंडीत पहाटे दुचाकी चालवताना मनगट आणि तळवा झाकलेला हवा, पण ब्रेक-क्लचसाठी बोटं मोकळी हवीत. उपयोग एवढाच, तरी मोजा नेटका व्हावा अशी इच्छा आहे.

साहित्य: ४ प्लाय शुद्ध लोकर, लाल आणि मोतिया पांढरी. सुया १० नंबर, म्हणजे ३.२५ मिमी, दोन्ही टोकांच्या चार. अंगठा सोडून तळव्याचा घेर १९ सेमी.

दोन सुयांवर सरळ विणलेल्या तुकड्यात १० सेमीला २८ टाके बसतात. त्या हिशेबाने ५४ टाके घालून गोल विणलं, तर घेर जेमतेम साडेसतरा सेमी भरतो. नक्षीच्या जागी विण आखडते, आणि एक सुई संपून दुसरी सुरू होते तिथे उभी सुरकुती पडते. धुऊनही ती जात नाही. असं का होतं? पदराची नक्षी किती टाक्यांत बसवावी? अंगठ्याचे टाके कसे वाढवावेत? आणि माणदेशातली घोंगडीची लोकर यासाठी चालेल का?

मागचा_धागा, मिरज

आखडण्याचं आधी सांगते, कारण ते सुटलं नाही तर बाकीचे आकडे कामाचे नाहीत.

पहिलं कारण तुमच्या तुकड्यात आहे. सरळ तुकडा विणताना एक ओळ सुलट आणि परतीची उलट असते. बहुतेक जणींचा उलटा टाका सुलट्यापेक्षा सैल पडतो. गोल विणताना सगळे फेर सुलटच, म्हणून तेच हात, तीच सुई असूनही टाके लहान होतात. तुकडाही गोलच विणून बघा. ३६ टाक्यांची नळी, दोन्ही रंगांत, नक्षीसकट, निदान ८ सेमी उंच. धुऊन वाळवून मगच मोजा. नुसत्या लाल रंगाचा तुकडा मोजून काही कळत नाही, कारण दोन रंगांची विण नेहमीच वेगळी भरते.

दुसरं कारण मागचे आडवे धागे. पांढरा टाका विणताना लाल धागा मागून जातो, लाल विणताना पांढरा. टाका हा वळसा असतो, तो ताणला जातो. मागचा धागा सरळ असतो, तो अजिबात ताणत नाही. तो जेवढा लांब सोडाल तेवढीच विण रुंद होणार. त्यामुळे रंग बदलायच्या आधी उजव्या सुईवरचे शेवटचे आठ-दहा टाके बोटांनी पसरून घ्यायचे, प्रत्येक वेळी, आणि त्यानंतरच नवा रंग उचलायचा. टाके सुईवर दाटीने बसलेले असताना धागा बदलला, की तो त्या दाटीच्या मापाचाच राहतो. पुढे कितीही ओढलं तरी वाढत नाही. याउलट धागा फार सैल सोडला तर त्याच्या शेजारचा टाका मोठा आणि ढिला दिसतो. विण सपाट ठेवल्यावर मागचा धागा कापडाला चिकटून, किंचित लवून पडला पाहिजे.

सुरकुती सुयांच्या कोपऱ्यावरच येते, कारण तिथे मागचा धागा कोपऱ्याच्या आतून जवळची वाट धरतो. उपाय सोपा आहे. विणकाम उलटं करून विणा. नळीची उलटी बाजू बाहेर, सुलटी आत, आणि तुमच्यापासून लांब असलेल्या सुईवर नेहमीसारखेच सुलटे टाके. असं केलं की मागचे धागे नळीच्या बाहेरून जातात. त्यांना कोपऱ्याला वळसा घालून जावंच लागतं, आणि धागा आपोआप पुरेसा सुटतो. नक्षी आतल्या बाजूला तयार होते, ती मधूनमधून डोकावून बघायची. हातमोज्यासारख्या लहान घेराला याहून चांगला उपाय मला माहीत नाही. ८० सेमीच्या गोल सुईवर मॅजिक लूपने, म्हणजे लांब तारेचा फास बाहेर ओढून ठेवून, विणलं तर कोपरे फक्त दोन राहतात, तेही बरं.

एवढं करूनही नळी १० सेमीला ३० टाके दाखवत असेल तर नक्षीपुरती ९ नंबरची सुई घ्या, म्हणजे ३.७५ मिमी. टाके वाढवू नका, नक्षीचा हिशेब बिघडतो.

करवतकाठ, सांगली

नक्षीबद्दल लिहितो.

टोप पदरात लाल रेशमाचे तीन भरीव पट्टे आणि मधे दोन पांढरे भाग असतात. त्यांच्या कडेला जे आकार येतात त्यांत फणी, किल्ल्याचा तट, ज्वारीचं कणीस आणि डोंगरांची रांग असे प्रकार इलकलच्या, म्हणजे आपण ज्याला इरकल म्हणतो त्या गावच्या, विणकरांकडे आहेत. हे सगळे उभे, टोकदार आणि छोट्या अंतराने पुन्हा पुन्हा येणारे आकार. दोन रंगांच्या विणकामाला नेमकं हेच हवं असतं. शेटलँडच्या फेअर आयल विणीत एका फेरात दोनच रंग आणि लहान नक्षी असते, त्यामागेही मागचे धागे आखूड राहण्याची सोय आहे. याउलट नॉर्वेच्या सेल्बूची आठ पाकळ्यांची चांदणी फार सुंदर, पण तिच्यात मागचे धागे लांब जातात. जाड लोकरीत आणि १९ सेमीच्या घेरात ती दाटते.

पदर जसाच्या तसा ग्राफवर उतरवू नका. रेशमाच्या बारीक धाग्यात जी लांब निमुळती टोकं निघतात ती २८ टाक्यांच्या विणीत निघत नाहीत, पायऱ्या दिसतात. त्या पायऱ्याच नीट आखायच्या.

तट आणि डोंगर ६ टाक्यांत बसतात, कणसाची टोकं ४ टाक्यांत. आता अडचण बघा. ५४ ला ६ ने भाग जातो, ४ ने जात नाही. दोन्हींनी भाग जाणारे आकडे ४८ आणि ६०. तुमच्या मापाने ४८ म्हणजे १७ सेमी, ६० म्हणजे साडेएकवीस. एक घट्ट, एक ढगळ. यातून वाट पदरातच आहे: दोन नक्ष्यांच्या मधे भरीव लाल पट्टा. त्या पट्ट्यात करंगळीच्या बाजूला दोन ठिकाणी दोन-दोन टाके एकत्र विणले की ५४ चे ५२ होतात, ५२ ला ४ ने भाग जातो, आणि एकरंगी भागात ते कुणाला दिसत नाही. घेर अर्ध्या-पाऊण सेमीने कमी होतो. 

मनगटाच्या बॉर्डरनंतरचे फेर असे धरा. १ला फेर लाल, त्यात टाके ५४ करा. २रा लाल. ३ व ४: ५ लाल १ पांढरा. ५ व ६: ३ लाल ३ पांढरे. ७ व ८: १ लाल ५ पांढरे. प्रत्येक वेळी आकाराचा मधला टाका मागच्या फेराच्या मधल्या टाक्यावरच आला पाहिजे, नाहीतर डोंगर एका बाजूला कलतो. ९ व १० पूर्ण पांढरे. ११ ते १३: ३ लाल ३ पांढरे, हा तट. १४ व १५ लाल, १५व्यात टाके ५२. १६ ते १८: ३ लाल १ पांढरा. १९ ते २१: १ लाल ३ पांढरे, ही कणसाची टोकं. २२ व २३ पांढरे. २४ ते २६: १ लाल ३ पांढरे. २७ ते २९: ३ लाल १ पांढरा. ३० व ३१ लाल. ३२ ते ३६: एक लाल एक पांढरा, दर फेराला अदलाबदल करून, म्हणजे तिळाची नक्षी. त्यावर ५ फेर १ सुलट १ उलट, लाल रंगात १२ नंबरच्या, म्हणजे १० पेक्षा बारीक, सुईवर, आणि टाके ९ नंबरच्या सुईने सैल बंद करा. फेर १० सेमीला ३० भरले तर बॉर्डरपासून वर साडेतेरा-चौदा सेमी उंची होते. अधिक आखूड हवा असेल तर तिळाचे फेर गाळा, टोकं तोडू नका.

एकरंगी पट्टे दोन फेरांचेच ठेवलेत, ते मुद्दाम. एका धाग्याची विण दोन धाग्यांच्या विणीपेक्षा पातळ आणि सैल असते. पट्टा पाच-सहा फेरांचा केला तर तेवढाच भाग फुगतो.

आणि एक. नक्षी विणताना लाल धागा कायम खालून न्या, पांढरा कायम वरून. खालून येणाऱ्या धाग्याला सुईपर्यंत किंचित लांबची वाट पडते, त्याचा टाका जरासा मोठा होतो आणि तोच रंग पुढे उठून दिसतो. इथे लाल टोकं उठायला हवीत. मधेच धाग्यांची जागा बदलली तर त्या फेरापासून नक्षी फिकी दिसायला लागते. दोन मोज्यांत वेगवेगळी जागा ठेवली तर जोडी जमत नाही.

सुलट_उलट, सातारा

दोघांचेही आभार, फेर लिहून घेतले. मनगटाची बॉर्डरही लाल-पांढरीच करायची आहे, २ सुलट लाल आणि २ उलट पांढरे. ४८ टाके, १२ नंबरची सुई. चालेल ना?

मागचा_धागा, मिरज

ताई, ४८ वर नको. साधी बॉर्डर ताणली जाते म्हणून तिला टाके कमी घेतात. दोन रंगांच्या बॉर्डरला मागे धागे असतात, ती जवळजवळ ताणतच नाही. १२ नंबरच्या सुईवर ४८ टाके म्हणजे १६ सेमीच्या आसपास. मोजा घालताना अंगठा तळव्यात मुडपला की हाताचा घेर २१-२२ सेमीपर्यंत जातो. मोजा मनगटापर्यंत जाणारच नाही.

दोन पर्याय आहेत. साधी लाल बॉर्डर, ४८ टाके, १२ नंबर, १४ फेर, मग पहिल्या लाल फेरात दर ८ टाक्यांनंतर एक वाढवून ५४. दुचाकीसाठी मी हाच सुचवीन, कारण मनगटाशी घट्ट बसून वारा आत जाऊ देत नाही. दुसरा, दुरंगी बॉर्डर ५६ टाके घेऊन १० नंबरच्या सुईवर विणायची, आणि पहिल्या लाल फेरात २ टाके कमी करून ५४ वर यायचं. ही सैलच बसेल, पण दिसते देखणी.

दुरंगी करायचीच असेल तर तीन गोष्टी सांभाळा. टाके लाल रंगात घालून एक फेर पूर्ण उलटा विणा, नाहीतर कडा बाहेर वळते. रंगांचा पहिला फेर सगळाच सुलट विणा आणि उलटे टाके दुसऱ्या फेरापासून सुरू करा. लालवर थेट पांढरा उलटा टाका घातला तर लाल-पांढरे ठिपके वर दिसतात. आणि उलटा टाका झाला की पांढरा धागा लगेच मागे न्या. तो पुढे राहिला तर सुलट्या बाजूवर आडवा पडतो, हे बहुधा तीन-चार फेरांनंतरच लक्षात येतं.

माणदेशी_लोकर, म्हसवड

घोंगडीच्या लोकरीचं विचारलंत. मनापासून वाटतं की आपल्या मेंढीची लोकर जास्त वापरात यावी, पण हातमोज्याला ती नको.

माण, खटाव, आटपाडी भागातल्या दख्खनी मेंढीची लोकर आखूड आणि जाडीभरडी असते, तिच्यात केसासारखे राठ तंतूही असतात. घोंगडीला तेच उपयोगी. सूत एकेरी कातलेलं असतं, ताण्याला चिंचोक्याची खळ देतात, तेव्हा ते मागावर टिकतं. विणकामाच्या सुईवर एकेरी पिळाचं सूत एका बाजूला पीळ खातं, टाके तिरपे होतात आणि नक्षी झुकते. शिवाय दुरंगी विणीत मागचे धागे आतल्या बाजूला असतात. मऊ लोकर आत आणि राठ बाहेर अशी वाटणी करता येत नाही, दोन्ही रंग कातडीला लागतात. मनगटाच्या आतल्या बाजूची कातडी नाजूक, तिथे ती टोचणारच. जतकडची माडग्याळ मेंढी तर मुख्यतः मांसासाठी पाळतात, तिच्या लोकरीवर भिस्त ठेवू नका.

घोंगडीची आठवण हवी असेल तर तिचे रंग घ्या. काळा, करडा आणि न रंगवलेला पांढरा मऊ लोकरीत मिळतो. करवतकाठ यांच्या आलेखात लालच्या जागी काळा घातला तर तट आणि डोंगर त्यातही भारी दिसतील.

अंगठा_आणि_तळवा, वाई

अंगठ्याचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. वरचे आकडे तसेच ठेवून जमतं.

फेराची सुरुवात अंगठ्याच्या बाजूला ठेवा, आणि अंगठ्याचा त्रिकोण ५४ टाक्यांच्या बाहेरचा धरा. म्हणजे नक्षी कुठेच तुटत नाही, दोन्ही मोजे एकसारखे विणता येतात, डावा-उजवा भेद राहत नाही. गोल विणीत फेर संपताना नक्षीची एक पायरी पडते, तीही तिथेच बाजूला जाते.

५व्या फेराच्या सुरुवातीला एक टाका वाढवा. तो अंगठ्याचा पहिला. मग एक फेर सोडून एक, त्या टाक्यांच्या दोन्ही कडांना एकेक वाढवा: ३, ५, ७ असं करत २१व्या फेरात १७. पुढे तीन फेर न वाढवता. २४वा फेर झाला की हे १७ टाके वेगळ्या दोऱ्यावर काढून ठेवा आणि तळव्याचे ५२ पुन्हा जोडून सरळ पुढे विणा, मधे नवा टाका घालायची गरज नाही. फेर ३० च्या हिशेबाने त्रिकोण साडेसहा सेमीचा होतो. हात लांब असेल तर सुरुवातीचा ५वा फेर पुढे न्या, वाढीचा वेग बदलू नका.

टाका वाढवायला दोन टाक्यांमधला धागा उचलू नका, दुरंगी विणीत तिथे मागचा धागाही हातात येतो आणि गाठ बसते. सुईवर हव्या त्या रंगाचा वळसा घाला, एका कडेला डावा, दुसऱ्या कडेला उजवा. त्रिकोणात एक लाल एक पांढरा अशा उभ्या रेघा ठेवा, नवा टाका शेजारच्याच्या उलट रंगाचा. मागचा धागा एकाच टाक्याचा राहतो, विण दाट होते, आणि हँडल नेमकं याच भागाला घासतं, त्यामुळे दाट हवीच.

इथे एक अडचण येते. जे फेर पूर्ण लाल किंवा पूर्ण पांढरे आहेत, त्यांत त्रिकोणही त्याच एका रंगाचा विणा. रेघा चालू ठेवायला गेलात तर दुसरा धागा त्रिकोणाच्या शेवटी अडकून राहतो आणि पुढच्या फेरात तो लागतो सुरुवातीला. ओढून आणला तर १७ टाक्यांचा धागा आत लोंबतो आणि अंगठा त्यात अडकतो. पट्टा अंगठ्यावरूनही फिरला की दिसायलाही चांगलंच.

तळव्याच्या बाजूचं बघा: ५ टाक्यांचा मागचा धागा पावणेदोन सेमीचा होतो. अंगठी किंवा नख त्यात अडकतं. ३-४ आणि ७-८ या फेरांत तळव्याकडच्या अर्ध्या भागात तिसऱ्या टाक्याला मागचा धागा विणणाऱ्या धाग्याखाली एकदा अडकवून घ्या. मात्र लागोपाठच्या दोन फेरांत त्याच टाक्यावर अडकवू नका, एकात तिसऱ्यावर, दुसऱ्यात चौथ्यावर. एकावर एक आले तर पांढऱ्यामधून लाल डोकावतो आणि उभी रेघ दिसते. कणसाच्या भागात ३ टाकेच असल्याने अडकवायची गरज नाही.

शेवटी अंगठा: १७ टाके सुईवर घेऊन सांध्यातून ३ उचला, पीळ देऊन, म्हणजे भोक राहत नाही. पुढच्या फेरात सांध्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन एकत्र, एकूण १८. ३ फेर लाल, मग ४ फेर १ सुलट १ उलट १२ नंबरवर.

करवतकाठ, सांगली

वाईच्या ताईंचं एकरंगी फेरांबद्दलचं बरोबर आहे, माझ्या फेरांत ते लिहायला हवं होतं. एक दुरुस्ती सुचवतो: १५व्या फेरात टाके कमी करताना फक्त ५४ मधले मोजा. त्या वेळी अंगठ्याचे ११ टाके वेगळे असतात. तिथे खूण अडकवलेली नसेल तर हिशेब चुकतो. त्रिकोणाच्या दोन्ही बाजूंना खुणेची कडी ठेवाच.

सुलट_उलट, सातारा

साधी लाल बॉर्डर घेते. लाल रंग धुताना पांढऱ्यावर उतरला तर? आणि जोडीला लोकर किती लागेल?

मागचा_धागा, मिरज

लोकर प्रत्येक रंगाची ५०-५० ग्रॅम घ्या, जोडी होऊन दोन्ही उरतील. लाल एकाच वेळी, एकाच लॉटची घ्या.

रंगाची परीक्षा विणण्याआधी. लालचा हातभर तुकडा कोमट पाण्यात भिजवून पांढऱ्या सुती फडक्यात दाबून रात्रभर ठेवा. फडक्यावर गुलाबी आलं तर गुंड्याची लडी करा, चार ठिकाणी सैल बांधा, आणि गार पाण्यात पाणी स्वच्छ निघेपर्यंत खळबळा. तरीही रंग सुटत असेल तर ती लोकर पांढऱ्याबरोबर वापरू नका, दुसरी आणा. मोजा झाल्यावर रिठ्याच्या पाण्यात गारच धुवा, चोळू-पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा. पाण्यातून काढल्यावर ओला मोजा घडी घालून ठेवायचा नाही, रंग तिथेच उतरतो.

वाळवताना साडेनऊ सेमी रुंद पुठ्ठा प्लास्टिकमध्ये गुंडाळून आत सरकवा, अंगठ्याला वेगळी छोटी पट्टी. वरची नक्षी बोटांनी सारखी करा आणि सावलीत वाळू द्या. टाके थोडे कमी-जास्त असतील ते यात बरेच बसतात. कुणी हेच अ‍ॅक्रिलिकमध्ये विणणार असेल तर धुऊन ते बसत नाही, आणि इस्त्री टेकवली तर विण कायमची चपटी होते. त्याला इस्त्री दोन बोटं वर धरून नुसती वाफ द्यायची, तीही उलट्या बाजूने.

अंगठा_आणि_तळवा, वाई

दुचाकीवर रोज वापरणार असाल तर अंगठ्याच्या त्रिकोणात लालसोबत त्याच रंगाचा बारीक नायलॉनचा धागा धरा, पायमोज्यांच्या टाचेला लावतात तसला. पांढऱ्यासोबत नको, तो चमकतो. आणि नायलॉन जोडल्यावर त्या भागापुरते टाके पुन्हा मोजा, धागा जाड झाल्याने १७ ऐवजी १५ टाकेही पुरतात. तसं झालं तर वाढीचा शेवटचा फेर गाळा, आणि सांध्यातून उचललेले ३ टाके कमी न करता तसेच ठेवा, १८ जमतात.